अंड्यांवरची फुली

डॉ. दाबके कोंबडीला 'अहो' म्हणतात. ऐकीव सांगत नाही, माझ्या या दोन कानांनी ऐकलंय. "अहो बाई, जरा मान वर करा. हं. आता चोच उघडा. झालंच, झालंच." असं म्हणत ते कापूस लावलेली काडी तिच्या घशात फिरवतात. मग कोंबडी उलटी करून दुसऱ्या टोकाचाही नमुना घेतात, तेव्हा तर "माफ करा हं" असंही म्हणतात. कोंबडीचे पाय मी धरलेले असतात. मला मात्र साहेब "ए ठोंबऱ्या" म्हणतात.

मी पशुधन पर्यवेक्षक. म्हणजे गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरच्या खालचा आणि गुरांच्या जेमतेम वरचा माणूस. वय छप्पन्न, गुडघे सत्तरीचे. आजवर पशुगणना केली, लाळ्याखुरकुताच्या लशी टोचल्या, लम्पीच्या साथीत गोठे पालथे घातले, जनावरांच्या कानात पिवळे बिल्ले ठोकले आणि त्यातल्या काही जनावरांनी मलाही ठोकलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, ती पनवेलच्या दवाखान्यात खुर्चीवर बसून काढावीत एवढीच इच्छा होती. तर वरून पत्र आलं, की एका संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ तालुक्यात दीड वर्ष राहणार आहेत, त्यांना 'आवश्यक ते सहकार्य' करावे. आमच्या दवाखान्यात आवश्यक ते सहकार्य म्हणजे ठोंबरे.

साहेब विषाणूंचे शास्त्रज्ञ. इन्फ्लुएंझा आणि गुराढोरांचे विषाणू हा त्यांचा विषय. पहिल्याच दिवशी दवाखान्यातल्या तालुक्याच्या नकाशासमोर उभे राहिले आणि "वा!" म्हणाले. "ठोंबऱ्या, अशी जागा शोधून सापडायची नाही. खाडीवर परदेशी बदकं. बेलपाड्याला टॉवरांच्या मध्ये म्हशी. डोंगराकडे पोल्ट्र्या. वाड्यांवर माणसाच्या उशाला शेळ्या-कोंबड्या. आणि या सगळ्यांच्या मधोमध माणसं नुसती खच्चून भरलेली!" तीस वर्षं मी पनवेलात राहतोय, पण पनवेलचं इतकं कौतुक कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आम्हाला आपले खड्डे आणि ट्रॅफिकच दिसतात.

विषाणूंना ते 'ही मंडळी' म्हणतात. मंडळींचा स्वभाव, मंडळींच्या सवयी, मंडळींची ये-जा. एकदा मी नको तिथे तोंड उघडलं आणि विचारलं, की साहेब, डुकराचा न् या फ्लूचा काय संबंध. साहेबांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. "डुक्कर म्हणजे या मंडळींचं मंगल कार्यालय. बदकाकडचे येतात, माणसाकडचे येतात. एका मांडवात जेवतात. एकमेकांचे कपडे घालून बघतात. आणि बाहेर पडतं ते कुणाच्याच ओळखीचं नसतं." मी हे घरी सांगितलं. त्या महिन्यात आमच्या हिने दोन लग्नांना जायचं टाळलं.

साहेबांच्या खिशाला पेन नसतं, काड्या असतात. कोणी शिंकलं की त्यांचा चेहरा उजळतो. "शिंकलात? वा! कधीपासून?" समोरचा उत्तर देईपर्यंत काडी नाकात. "नमुना आधी, नमस्कार नंतर" हे त्यांचं ब्रीद. जिल्ह्याच्या आढावा बैठकीत आमचे वरिष्ठ अधिकारी बोलता बोलता शिंकले. साहेब टेबलाला वळसा घालून गेले आणि "अरे, मान वर कर" म्हणाले. ज्या माणसासमोर आम्ही खोकलासुद्धा गिळतो, तो माणूस सगळ्यांदेखत मान वर करून बसला. त्या दिवसापासून साहेबांनी मला 'ए' म्हटल्याचं दुःख थोडं कमी झालं.

तळोज्याला मात्र फजिती झाली. एका रसायनांच्या कारखान्याच्या फाटकावर शिफ्ट सुटायच्या वेळी आम्ही चहा पीत होतो, तर बाहेर पडणारा दर दुसरा माणूस शिंकत होता. साहेबांच्या अंगात आलं. होत्या नव्हत्या त्या सगळ्या काड्या संपवल्या. आठवड्याने निकाल आला, एकाही नाकात मंडळी नाहीत. साहेब खट्टू झाले. मी म्हणालो, "साहेब, तिथला वाराच तसा आहे. आधी विचारलं असतंत तर सांगितलं असतं." साहेब म्हणाले, "आधी विचारलं तर संशोधन कसलं?"

त्यांनी करंजाडेला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट भाड्याने घेतला होता. लोक दारापुढे रांगोळी काढतात, साहेबांनी जांभळ्या औषधी पाण्याचा ट्रे ठेवला. येणाऱ्याने त्यात पाय बुडवून आत यायचं. दूधवाला, पेपरवाला, कुरियरवाला, सोसायटीचे चेअरमन, सगळे बुडवायचे. महिन्याभरात बिल्डिंगच्या निम्म्या लोकांच्या टाचा जांभळ्या दिसू लागल्या. आत गेलं की हात धुवायचे, तेही एकोणतिसचा पाढा पूर्ण होईपर्यंत. वीसचा म्हणून चालत नाही, तो लवकर संपतो. शाळेत मास्तरांनी पट्ट्या मारूनही न आलेला पाढा मला छप्पन्नाव्या वर्षी आला. आता बायको भाजी सांगते आणि मी मनात एकोणतीस सत्ते दोनशे तीन म्हणत असतो.

घरात दुसरं माणूस नव्हतं. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "लग्न करायचं राहून गेलं रे. लॅब सोडून सुट्टी कुणाला मिळायची?" आणि लगेच शेळ्यांच्या सर्दीबद्दल बोलू लागले. मीही पुढे काही विचारलं नाही. त्या दिवशी पाच गोठे झाले होते आणि सहावा बाकी होता. खरं सांगायचं तर तेव्हा मला साहेबांचा नुसता कंटाळा आला होता. रोज सकाळी थर्माकोलचा डबा मोटरसायकलला बांधायचा, बर्फाच्या पिशव्या भरायच्या, पांढरा अंगरखा चढवायचा, घाम गाळायचा आणि संध्याकाळी तेच सगळं उलट करायचं.

अशातच फेब्रुवारीत डोंगराकडच्या एका पोल्ट्रीत कोंबड्या मरायला लागल्या.

साहेबांचा फोन सकाळी सहाला. आवाजात लग्नघरची गडबड. आम्ही गेलो, मेलेले पक्षी पाहिले, नमुने घेतले, ते परराज्यातल्या मोठ्या प्रयोगशाळेत रवाना झाले. निकाल यायला पाच-सहा दिवस. तोवर त्या भागातून एक पीसही बाहेर जाता कामा नये. आणि निकालात बर्ड फ्लू निघाला, तर पोल्ट्रीपासून एक किलोमीटरच्या आतली यच्चयावत कोंबडी आणि अंडं नष्ट करायचं, हा नियम. पोल्ट्रीपासून अर्ध्या किलोमीटरवर कातकऱ्यांची वाडी होती.

वाडीत निम्म्या घरांना कुलपं. माणसं वीटभट्टीवर गेलेली, ती पावसाच्या तोंडाला परत यायची. उरल्या घरांतल्या कोंबड्यांचे नमुने घेत आम्ही शेवटच्या झोपडीशी आलो. तिथे सोमीबाई. वय साठीच्या पलीकडे, गुडघे माझ्यासारखे, म्हणून भट्टीवर गेली नव्हती. तिची एकुलती एक कोंबडी खुडूक होऊन आतल्या कोपऱ्यात टोपलीत अंड्यांवर बसली होती.

"किती अंडी आहेत, आजी?" साहेबांनी विचारलं.

"अकरा. तेरा व्हती. दोन वांज निगाली, काडून टाकली."

"वांझ आहेत हे कसं कळलं?"

सोमीबाईने साहेबांकडे असं पाहिलं, की याला अक्षरओळख तरी आहे का. तिने कोंबडीखालून एक अंडं काढलं आणि कारवीच्या कुडाला पडलेल्या भोकाशी गेली. तिथून उन्हाची तिरीप आत येत होती. मुठीत अंडं धरून तिने ते तिरिपीसमोर नेलं, आणि अंडं आतून लाल झालं.

साहेब मटकन खाली बसले. "आजी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"आयनं. तुमाला?"

"सरकारने," साहेब म्हणाले.

मग दोघांची जी गट्टी जमली, ती मी नमुन्यांचा डबा मांडीवर घेऊन अर्धा तास पाहत बसलो. साहेबांनी मोबाइलचा टॉर्च लावला. एकेक अंडं उजेडावर धरून दोघं आत बघत होती. तांबड्या शिरांचं बारीक जाळं आणि मधे एक हलणारा काळा ठिपका.

"डोला हाय त्यो," सोमीबाई म्हणाली.

"बरोबर. डोळाच. आठवा दिवस ना?"

"आठवाच. बुदवारी बसवली."

साहेब मला म्हणाले, "ठोंबऱ्या, आमच्याकडे मुलांना हे कळायला सहा महिने लागतात." आणि बोलता बोलता त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, एकेका अंड्यावर वरच्या बाजूला एक छोटी फुली मारली आणि अंडं परत कोंबडीखाली सरकवलं. अकराच्या अकरा अंड्यांवर फुल्या. मी पाहत होतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. साहेब पेन्सिलीने काही ना काही करतच असतात.

निघताना मी सोमीबाईला नियम सांगितला. कोंबडी घरातच ठेवायची, कुणाला द्यायची नाही, रिपोर्ट आला की कळवू.

"न् रिपोट वाईट आला तं?"

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी बुटांकडे पाहिलं. "तर न्यावं लागेल सगळं," मी म्हणालो.

"पोरगा न् सून भट्टीवर," ती म्हणाली. "पावसाला येतील. तवर मला ह्यांचीच सोबत. न् पावसात काम नस्तं, तवा ह्यांच्यावरच मीटमिरची." ती हे रडून सांगत नव्हती. हवामान सांगावं तसं सांगत होती, आणि तेच मला सोसेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी औषध फवारायला म्हणून पुन्हा वाडीत गेलो, तर टोपली रिकामी. सोमीबाई उंबऱ्यात बसलेली.

"कोंबडी कुठाय?"

"कोल्ह्यानं न्येली."

"आणि अंडी?"

"ती बी."

"अकरा अंडी? पिशवी घेऊन आला होता काय कोल्हा?"

मी हे खवचटपणे विचारलं, पण साहेब माझ्या शेजारी ताठ झाले होते. डोळ्यांत ती ओळखीची चमक. "कोल्हा? कधी? मोठा होता? आजारी दिसत होता का? शिंकत होता का? ठोंबऱ्या, आजारी पक्षी खाऊन ही मंडळी कोल्ह्यात शिरली असली तर केवढी मोठी गोष्ट आहे! आजी, तो कुठल्या बाजूला गेला?" सोमीबाईला खोटं रेटण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. तिने डोंगराकडे बोट केलं. साहेब काडी उपसून निघाले. उन्हात डोंगर चढायचा, कोल्हा गाठायचा आणि त्याला "अहो, मान वर करा" म्हणायचं, हे सगळं मला डोळ्यांपुढे दिसलं, आणि कोल्ह्याचे पाय कोण धरणार हेही दिसलं. मी साहेबांचा अंगरखा मागून धरला.

"साहेब, कोल्हा नाहीये. हिने लपवलीत."

साहेबांना ते पटायला वेळ लागला. त्यांच्या डोक्यात कोल्हा पुरता बसला होता. मी सोमीबाईसमोर उकिडवा बसलो. गुडघ्यांनी कुरकुर केली. "बाय, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाय. काल तर साहेबांशी गोड बोलत होतीस. आज काय झालं?"

 तिने बोटाने समोरच्या मातीत एक फुली काढली.

"ह्ये मारलं तुमी. सगल्या अंड्यांवर."

मला काही कळेना. तीच पुढे बोलली. "माज्या भैनीच्या घरावर बी आशीच फुली मारलेली. मोजनीवाले आले, गोड बोलले, च्या प्याले, भितीवर फुली मारून ग्येले. म्हैना नाय झाला, घर ग्येलं. रस्ता ग्येला तितून. तुमी बी गोड बोललाव. तवाच वलकलं मी, ही अंडी सरकारनं नावावर लावून घेतली."

आमच्या तालुक्यात हे कुणालाही कळेल. इथे रस्ते आले, विमानतळ आला, नवी शहरं आली. इथल्या माणसाला फुलीचा एकच अर्थ माहीत आहे. तीस वर्षं इथे नोकरी करून माझ्या ते लक्षात यायला हवं होतं, आणि मी डबा मांडीवर घेऊन बघत बसलो होतो. मला स्वतःचीच लाज वाटली.

साहेब तर पार कोसळले. "आजी," ते म्हणाले, "ती खूण... आमच्याकडे अंड्याला अशी खूण करतात. कुठे टोचायचं त्याची. हाताला सवय आहे. हात थांबलाच नाही. चूक माझी आहे." मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "पण अंडी गार होतील हो! साडेसदतीस लागतं त्यांना, फार तर अडतीस. कुठे ठेवलीत?"

"माज्या कोंबडीला नका शिकवू," सोमीबाई म्हणाली, पण उठली.

कोंबडी तिच्या मुलाच्या बंद झोपडीत होती. भाताच्या रिकाम्या कणगीत, अंड्यांसकट, वर गोणपाट टाकलेलं. संध्याकाळी टेम्पोवाल्याच्या हाती घर गेल्यावर पाच कोस लांब जाऊन राहिलेल्या बहिणीकडे धाडायचा बेत होता. तो साधला असता आणि कोंबडीत खरंच काही असतं, तर तिकडची वाडीही गेली असती. 

साहेबांनी माझ्याकडे हात केला. "खोडरबर."

दवाखान्याच्या नोंदवहीला दोरीने बांधलेली पेन्सिल होती, तिच्या मागे गुलाबी रबराचा तुकडा होता. साहेब कणगीशी गुडघे टेकून बसले आणि एकेक अंडं हातात घेऊन त्यावरची फुली खोडू लागले. इतक्या हलक्या हाताने, की रबर टेकतंय की नाही कळू नये. एका हाताने ते अंडं धरत आणि दुसऱ्याने बाकीची गोणपाटाने झाकून ठेवत. पांढरा अंगरखा, तोंडाला मास्क, डोळ्यांवर गॉगल, आणि शासनाचा एक वरिष्ठ शास्त्रज्ञ वाडीतल्या कणगीत अंडी खोडतोय. एरवी मी हे घरी जाऊन रंगवून सांगितलं असतं. त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही.

अकरावी फुली गेली. सोमीबाईने निरखून पाहिलं. "अंड्यावरची पुसलीत. तुमच्या वहीत हाय ना लिवलेली?"

साहेबांनी वही उघडून दाखवली. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिने पान नीट पाहिलं.

"मंग आसं लिवून द्या, का अंडी न्येनार नाय."

मी मनात म्हटलं, द्या साहेब लिहून, काय बिघडतंय. कागद आमच्याकडे पुष्कळ असतात. पण साहेब म्हणाले, "ते मला लिहून देता येणार नाही, आजी. रिपोर्ट वाईट आला तर न्यावी लागतील. मग ती वाडीच्या भल्यासाठीच न्यावी लागतील. पण मी स्वतः येईन. दुसऱ्या कुणाला पाठवणार नाही."

सोमीबाईने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मास्कच्या वर दिसत होतं तेवढ्या तोंडाकडे. "तुमीच या मंग," ती म्हणाली आणि टोपली उचलून कोंबडी आपल्या घरी घेऊन गेली.

पुढचे दिवस जड गेले. साहेब दवाखान्यात येऊन बसत. कुणी शिंकलं तरी मान वर करत नसत. सकाळी आले की म्हणत, "आज दहावा." दुसऱ्या दिवशी, "आज अकरावा." मला वाटलं रिपोर्टचे दिवस मोजतायत, पण ते जमेना. मग कळलं, की ते अंड्यांचे दिवस मोजतायत. बाराव्या दिवशी त्यांनी डबा खाल्ला नाही.  तेराव्या दिवशी नळावर हात धुवायला गेले तर एकोणतिसचा पाढा दोनदा म्हटला. मी चहा ठेवला, तो साय धरून गार झाला.

चौदाव्या दिवशी साडेअकराला मेल आला. बर्ड फ्लू नाही. पोल्ट्रीत मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग, निघाली होती, आपली नेहमीची, लशीने आवरता येणारी. साहेबांच्या धंद्यात हा निकाल म्हणजे संशोधन पाण्यात. नवीन विषाणू नाही, पेपर नाही, काही नाही. साहेबांनी मेल तीनदा वाचला आणि टेबलावर डोकं टेकून हसत सुटले. मी एवढ्या महिन्यांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

लशीचे थेंब घेऊन लगोलग वाडीत गेलो. गाडीचा आवाज ऐकून सोमीबाई बाहेर आली. हातात टोपली, टोपलीत कोंबडी, वर फडकं. आम्ही न्यायला आलोय असं समजून ती स्वतःच घेऊन उभी होती.  मीच ओरडलो, "बाय, ठेव ती खाली! काय नाय निघालं!" ती तशीच उभी राहिली. मग टोपली खाली ठेवून मला म्हणाली, "येवड्या जोरानं वरडू नको, कोंबडी उटंल."

त्यानंतर सहाव्या दिवशी साहेबांनी मला सांगितलं, "उद्या रजा टाक." मी हादरलो. साहेबांनी रजा हा शब्द उच्चारलेला मी पहिल्यांदाच ऐकला. म्हटलं, कुठे नमुने घ्यायचेत? म्हणाले, "नमुने नाहीत. एकविसावा दिवस आहे."

थर्माकोलचा डबा न बांधता मोटरसायकल किती हलकी चालते ते मला त्या दिवशी कळलं. सोमीबाईने आम्हाला झोपडीत टोपलीपासून जरा लांब बसवलं आणि बोलू नका म्हणाली. कोंबडी पिसं फुलवून बसली होती आणि घशातल्या घशात काहीतरी बोलत होती. सोमीबाईने तिच्या पोटाखाली हात घालून एक अंडं काढलं. टोकाशी बारीक टवका उडाला होता. तिने ते साहेबांच्या कानाशी धरलं.

साहेब ऐकत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला.

"आतून बोलतंय," ते म्हणाले.

"बोलतंच. दोन दिस झालं बोलतात. आय हितून सांगती, त्ये आतून वलक देतं." सोमीबाईने त्यांच्याकडे पाहिलं. "तुमी कदी आयकलं नाय? येवडी अंडी हाताखालनं ग्येली म्हनता."

"हजारो गेली," साहेब म्हणाले. ते तिला सांगत होते, मला नाही. "आम्ही विषाणू अंड्यातच वाढवतो, आजी. दहाव्या दिवशी अंड्याला फुली मारायची आणि सुईने विषाणू आत सोडायचा. तेराव्या दिवशी फ्रीजमध्ये ठेवायचं. थंडीने ते आतल्या आत संपतं. मग आतलं पाणी काढून घ्यायचं. बत्तीस वर्षं तेच केलं. दिवाळी नाही, गणपती नाही, अंडी सोडून जायचं कुठे? लसही त्याच्यातूनच होते, माणसं वाचतात, ते खोटं नाही. पण तेरा दिवसांच्या पुढे काय होतं ते मी पुस्तकातच वाचलंय. पिल्लू बाहेर येताना मी कधी पाहिलेलं नाही."

 सोमीबाईने पदराने हात पुसला आणि त्यांना एकेक दिवस सांगू लागली. पंधराव्याला काय होतं, सतराव्याला अंडं कसं जड लागतं, कोणत्या दिवसापासून कोंबडी दाण्यालाही उठत नाही, पिल्लू आत मान कशी वळवून घेतं. हजारो अंडी उजेडावर धरलेला माणूस मांडी घालून ऐकत होता, आणि मधूनच "मग?" असं विचारत होता.

दुपारपर्यंत दहा पिल्लं निघाली. ओली, बेंगरूळ, मान न सावरणारी. एक अंडं राहिलं. सोमीबाईने ते हलवून पाहिलं, कानाशी धरलं आणि बाजूला ठेवलं. "ह्ये न्हाय निगायचं." आत काय झालं होतं ते बघायला साहेब ते फोडतील असं मला वाटलं. त्यांनी ते फोडलं नाही. दोन्ही हातांत घेऊन थोडा वेळ धरलं आणि बाहेर जाऊन आंब्याच्या बुंध्याशी हाताने माती उकरून पुरलं.

तीन वाजले. माझं पोट ओरडत होतं. मी म्हटलं, "साहेब, निघू या का?"

"तू हो पुढे," ते म्हणाले. त्यांच्या तळहातावर शेवटचं पिल्लू होतं, अजून चिकट, थरथरणारं. "घरी तरी कोण वाट बघतंय? मी हे वाळेपर्यंत बसतो."

मी गाडीची किल्ली खिशातून काढली होती. ती परत ठेवली. मग कुडाला पाठ लावून मीही त्यांच्या शेजारी बसलो.